रविवारची बैठक आणि पेन्सिलवाल्यांना विनंती

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला, कॉलेज रोडवरच्या नेहमीच्या गच्चीवर, बोर्डिंग स्कूलच्या रहस्यकादंबरीवर चर्चा आहे. पाऊस असेल तर खालच्या हॉलमध्ये बसू.

गटाच्या तीन प्रती फिरत आहेत. त्यातल्या एकीत, मुलींच्या खोलीतला कंदील विझतो त्या पानावर, कोणीतरी समासात पेन्सिलने ‘हीच ती!’ असं लिहून ठेवलंय. नावाला बाणसुद्धा काढलाय. ज्यांनी हे पुण्यकर्म केलं त्यांनी खोडरबर घेऊन यावं. शेवट ग्रुपवर फोडू नका, ‘हिंट’ म्हणूनही नको.

वेळ मिळाला तर शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’ या कादंबरीतली (1847) लोवूड शाळेची प्रकरणं वाचून या. गोठलेलं पाणी, करपलेली लापशी, टायफसची साथ. शार्लट ब्राँटेच्या दोन थोरल्या बहिणी, मारिया आणि एलिझाबेथ, कोवन ब्रिजच्या शाळेतून आजारी होऊन घरी आल्या आणि 1825 मध्ये क्षयाने गेल्या. लोवूड त्या शाळेवरून आलं. भुतापेक्षा ही थंडी जास्त अंगावर येते, असं माझं मत. वाद घालायचा असेल तर रविवारी घाला.

आठवी ते बारावीची मुलं आणली तर उत्तमच, पुस्तक मुळात त्यांच्यासाठीच आहे. मागच्या वेळी मोठ्यांनी त्यांना बोलूच दिलं नव्हतं, म्हणून यंदा पहिला अर्धा तास फक्त त्यांचा.

चहा-चिवडा आहे. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा.