जखमेच्या पट्टीची चाचणी पायाच्या आकारावर, दमट हवेत व्हावी

संपादक महोदय,
स. न.

जखमेवरच्या पट्ट्यांची चाचणी सहसा दोन तऱ्हांनी होते : यंत्राच्या जबड्यात धरून ताणायची, नाहीतर पोलादी पत्र्याला चिकटवून सोलायची. त्यातून मालाचा दर्जा कळतो. रुग्णाच्या पायावर दाब किती पडेल ते कळत नाही. तो पायाच्या घेरावरही ठरतो. व्हेरिकोज व्हेन्समुळे घोट्याजवळ होणाऱ्या जखमेला साधारण ४० मिमी पारा इतका दाब लागतो. १० सेंमी रुंदीची पट्टी निम्मी-निम्मी चढवत २२ सेंमी घेराच्या घोट्यावर बांधली, तर त्यासाठी सुमारे ९५० ग्रॅम वजनाइतका ताण द्यावा लागतो. तोच ताण ३६ सेंमीच्या पोटरीवर जेमतेम २४ मिमी दाब देतो. सपाट पत्र्यावर शून्य!

म्हणून चाचणी पायाच्या प्रतिकृतीवर, त्वचेसारख्या मऊ सेन्सर-पडद्यावर व्हायला हवी. असा पडदा मुंबईतल्या कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेत बनू शकतो. मऊ सिलिकॉनचे दोन भाग वजनाने समसमान घ्यायचे, व्हॅक्यूममध्ये बुडबुडे काढायचे आणि २ मिमीचा थर ओतायचा. सेन्सरच्या वीजवाहक थरात कार्बन ब्लॅक (काजळीसारखी पूड) मिसळतात, वजनाच्या ८-१० टक्क्यांच्या आसपास. पुडीच्या प्रतीनुसार हा आकडा बदलतो. कमी पडले तर वीज वाहत नाही, जास्त झाले तर मिश्रण कणकेसारखे घट्ट होते. हातात लेटेक्सचे मोजे मात्र नकोत. त्यातल्या गंधकामुळे सिलिकॉनमधला प्लॅटिनम उत्प्रेरक निकामी होतो आणि थर कितीही वेळ ठेवला तरी चिकटच राहतो. विनाइलचे मोजे वापरावेत.

खरी गफलत कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे सेन्सरचे रीडिंग खऱ्या दाबाशी जुळवण्यात होते. टेबलावर वजने ठेवून जुळवलेला पडदा प्रतिकृतीवर गुंडाळला, की नुसत्या वाकण्यानेच रीडिंग हलते. तेव्हा पडदा आधी प्रतिकृतीवर बसवावा, त्यावर रक्तदाबाच्या यंत्राचा कफ गुंडाळून १० मिमीच्या टप्प्यांनी हवा भरावी आणि कफच्या मध्याखालचेच सेन्सर मोजावेत. कडांना दाब कमी पोचतो. नव्या पडद्याची पहिली काही आवर्तने सोडून द्यावीत. दाब चढताना आणि उतरताना रीडिंग वेगळे येते, शिवाय स्थिर दाबाखालीही ते सरकत राहते. त्यामुळे दाब दिल्यावर ठरावीक वेळानेच, उदाहरणार्थ एक मिनिटाने, नोंद घ्यावी.

दुसरा प्रश्न आपल्या हवेचा. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थामुळे वीजभार किती जास्त साठतो ते सांगणारा आकडा) ८०च्या घरात, सिलिकॉनचा ३च्या आसपास. कपॅसिटिव्ह, म्हणजे थरांमध्ये साठणाऱ्या वीजभारावरून दाब ओळखणाऱ्या सेन्सरच्या थरांत जुलैतला दमटपणा शिरला, की पट्टी न बांधताच दाब दिसू लागतो. कडा सीलबंद हव्यात आणि वर अर्थिंग केलेला आवरण-थर हवा. चिकटपणा तपासायला नुसते सिलिकॉन चालत नाही. ते घाम शोषत नाही आणि ॲक्रिलिक गोंद त्याला नीट धरत नाही. त्यावर जिलेटिनचा थर द्यावा लागतो. तोही क्रॉसलिंक केलेला (रेणू एकमेकांना बांधलेला), नाहीतर त्वचेच्या ३२-३४ अंशांना तो पाघळू लागतो. बुरशीचा त्रास वेगळाच.

जखमेतला स्राव ओढून घेणाऱ्या सक्शन यंत्रांचेही असेच. यंत्राच्या स्क्रीनवर उणे १२५ मिमी दिसते, पण मोजायला हवे जखमेच्या तळाशी. यंत्र जखमेपेक्षा अर्धा मीटर उंच असेल आणि नळी द्रवाने भरली, तर सुमारे ३७ मिमी वाटेतच खर्च होतात.

वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खालचा परवाना असला, तरी खरेदीदाराला जादा अटी घालायला हरकत नसावी. सरकारी आणि महापालिका रुग्णालयांच्या निविदांत प्रतिकृतीचा घेर, चाचणीवेळचे तापमान व आर्द्रता आणि कॅलिब्रेशनची पद्धत मागावी. पट्टी बांधताक्षणीच्या दाबासोबत २४ तासांनंतरचा दाबही कागदावर मागावा. पायाची सूज उतरून पट्ट्या सैल पडतात त्या याच काळात, आणि आतून हवा कमी करून घेर घटवता येणाऱ्या प्रतिकृतीवर पाहिले तरच ते दिसते. टणक प्रतिकृतीची सूज काही उतरत नाही.

— जैववैद्यकीय चाचणी क्षेत्रातील काही अभियंते, पवई, मुंबई