सुधीर, नवा कॉम्प्युटर घेऊ नकोस

पुणे

प्रिय सुधीर,
स. न. वि. वि.

तुझा निरोप मिळाला, टास्क मॅनेजरचे (कॉम्प्युटरच्या आत काय काय आहे ते दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीचे) फोटोही मिळाले. दुकानदाराने ऐंशी हजारांचा गेमिंग पीसी सुचवला आणि तू दोन दिवस विचारात पडलास, हे वाचून लगेच लिहायला बसलो. तो घेऊ नकोस. पन्नाशीत पहिल्यांदा गेम खेळून बघावेसे वाटतायत, आणि आवडतील की नाही हे अजून तुलाच ठाऊक नाही. अशा वेळी आधी खेळायचं, मग लागलंच तर खर्च करायचा. घरात आहे त्या मशीनवर तुला काही वर्षं पुरतील इतके उत्तम गेम चालतात. ते कोणते आणि कसे, तेवढंच लिहितो.

तुझ्या फोटोंत मला हवं ते सगळं दिसतंय. प्रोसेसर आय५-८४००, म्हणजे २०१७ च्या शेवटी आलेला, सहा कोअरचा. अजून चांगला दमदार आहे, त्याची काळजी सोड. रॅम ८ जीबी, आणि खाली 'स्लॉट्स यूज्ड' पुढे दोनपैकी एक असं लिहिलंय, म्हणजे रॅमच्या दोन खाचांपैकी एक रिकामी आहे. ही ओळ फार महत्त्वाची आहे, तिच्याकडे पुन्हा येतो. डिस्क जुन्या पद्धतीची, फिरणारी. ग्राफिक्स यूएचडी ६३०, म्हणजे वेगळं कार्ड नाही. चित्र काढणारा भाग प्रोसेसरच्याच पोटात आहे.

दुकानदार बोट ठेवतो ते याच शेवटच्या गोष्टीवर. त्याचं सगळंच खोटं नाही. २०२० चा सायबरपंक २०७७ किंवा त्यानंतरचे मोठे, सिनेमासारखे दिसणारे गेम तुझ्या मशीनवर चालणार नाहीत. पण गेम म्हणजे तेवढेच नव्हेत. २००० ते २०१२ च्या सुमाराचे बहुतेक मोठे गेम, आणि त्यानंतर एकट्यादुकट्या माणसांनी किंवा चार-पाच जणांनी मिळून केलेले कितीतरी गेम या चिपवर आरामात चालतात. माझ्या मते त्यातले काही आजच्या महागड्या गेमपेक्षा कितीतरी जास्त विचारपूर्वक केलेले आहेत.

आता त्या रॅमच्या ओळीकडे. वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर स्वतःची वेगवान मेमरी असते. तुझ्या चिपला ती नाही, त्यामुळे पडद्यावरची प्रत्येक चौकट, म्हणजे एकेक स्थिर चित्र, रंगवताना तिला साध्या रॅममधून माहिती ओढावी लागते, आणि त्याच वेळी प्रोसेसरलाही तीच रॅम हवी असते. डीडीआर४-२६६६ या प्रकारच्या रॅमची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २१ जीबीच्या आसपास माहिती देऊ शकते. दुसऱ्या स्लॉटमध्ये तशीच दुसरी पट्टी बसवलीस की दोन्ही वाटा एकदम उघडतात आणि तोच आकडा ४२ वर जातो. याला ड्युअल चॅनल म्हणतात. म्हणजे १६ जीबी झाल्याचा फायदा आहेच, पण खरा फायदा ही वाट रुंद झाल्याचा. बिनकार्डाच्या मशीनवर एवढ्या कमी पैशांत एवढा फरक पाडणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

दुसरा खर्च एसएसडीचा, म्हणजे काहीच न फिरणाऱ्या वेगवान डिस्कचा. तिने गेमची चित्रं वेगाने पळत नाहीत, पण गेम आणि विंडोज पटकन उघडतात आणि मध्येच नवा भाग लोड होताना येणारे झटके कमी होतात. शिवाय वहिनींचं हिशेबाचं कामही हलकं होईल. म्हणून घरात हा खर्च पटवून देणं सोपं जाईल.

ग्राफिक्स कार्डाचा विषय सहा महिने बाजूला ठेव. एवढंच सांगतो की तुझं कॅबिनेट ऑफिसच्या मशीनचं आहे आणि त्यातला एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, लहान असणार. पुढे कधी वाटलंच तर जीटीएक्स १६५० सारखं, ७५ वॉटच्या आत भागणारं कार्ड बघायचं. त्यातही वेगळी पॉवर केबल न मागणारं मॉडेल. जीटी ७१० कुणी स्वस्तात देऊ केलं तर घेऊ नकोस, तुझ्या आतल्या चिपपेक्षा ते फारसं वेगळं काही करत नाही. आणि कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल कार्डाला लावायची, मदरबोर्डाला नाही. कितीतरी लोक कार्ड घेऊनही जुन्याच चिपवर खेळत राहतात, केवळ ती केबल हलवायची राहिली म्हणून.

गेम कुठून घ्यायचे? स्टीम नावाचं दुकान आहे, व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीचं, २००३ पासूनचं. भाव रुपयांत दिसतात, यूपीआय चालतं. प्रत्येक गेमच्या पानावर खाली किमान आणि शिफारस केलेलं मशीन लिहिलेलं असतं, ते आधी वाचायचं. ग्राफिक्सच्या रकान्यात इंटेल एचडी असं काही दिसलं तर निर्धास्त घे. नुसतीच मोठमोठ्या कार्डांची नावं असतील तर सोडून दे. शंका असली तरी अडत नाही, कारण घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर गेम परत करता येतो. तेवढ्या वेळात मशीनला झेपतोय का हे नक्की कळतं. सेल वरचेवर लागतात. घाई नसेल तर यादीत टाकून ठेव आणि वाट बघ.

तुझा भाचा पेन ड्राइव्हवर भरून देतो म्हणाला ते क्रॅक केलेले, म्हणजे कुलूप तोडून फुकट वाटलेले गेम मात्र हात जोडून सांगतो, घेऊ नकोस. ते चालवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि आत काय बसवलंय हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. त्याच कॉम्प्युटरवर वहिनींची जीएसटीची कामं आहेत, लोकांचे पॅन नंबर आहेत, बँकेची लॉगिनं आहेत. दुसऱ्यांचे कागद आपल्या भरवशावर आहेत म्हटल्यावर हा धोका पत्करायचाच नाही. शिवाय चांगले गेम फुकट आणि राजरोस मिळतात. खेळण्यासाठी विंडोजमध्ये तुझ्या नावाचं वेगळं खातं काढ, म्हणजे वहिनींचा डेस्कटॉपही जागच्या जागी राहील.

त्या फुकट गेमांतलाच एक तुझ्यासाठी सगळ्यात आधी: ओपनटीटीडी. ख्रिस सॉयर नावाच्या माणसाने १९९४-९५ च्या सुमारास ट्रान्सपोर्ट टायकून केला होता. २००४ पासून जगभरचे हौशी प्रोग्रामर मिळून त्याचीच ही खुली आवृत्ती चालवतायत. तू शाळेत असताना मिरज जंक्शनवर तासन्‌तास उभा राहायचास. तिन्ही गेजचे रूळ एका ठिकाणी बघितलेला माणूस आहेस तू, तुला हा गेम समजावून सांगावाच लागणार नाही. कोळशाची खाण आणि वीज केंद्र शोधायचं, रूळ टाकायचे, शेड बांधायची, एक वाफेचं इंजिन घ्यायचं आणि गाडी सोडायची. माल किती, किती लांब आणि किती लवकर पोचवलास यावर पैसे मिळतात. वर्षं सरतात तशी डिझेल येतं, वीज येते, जुन्या गाड्या थकतात. दुसरी गाडी त्याच रुळावर आणलीस की सिग्नलचा प्रश्न उभा राहतो आणि मग खरी मजा सुरू होते. एकच गोष्ट लक्षात ठेव: पाथ सिग्नल (पुढची वाट मोकळी असेल तरच गाडी सोडणारा) तिथेच लावायचा जिथे थांबलेली गाडी दुसऱ्या कुणाची वाट अडवणार नाही. आउटरला गाडी का थांबवून ठेवतात याची चिडचिड आपण आयुष्यभर केली, त्याचं उत्तर हा गेम तुला तुझ्याच हाताने शोधायला लावेल. आणि तुझ्या मशीनला तो जाणवणारसुद्धा नाही.

दुसरा, पोर्टल. २००७ चा. अमेरिकेतल्या डिजिपेन या संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी एक प्रकल्प केला होता, तो पाहून व्हॉल्व्हने त्या सगळ्यांना कामावर घेतलं आणि त्यातून हा गेम झाला. हातात एक यंत्र असतं. एका भिंतीवर निळं दार काढायचं, दुसऱ्या भिंतीवर नारिंगी. एकातून शिरलं की दुसऱ्यातून बाहेर. बस, एवढंच. जमिनीवरच्या दारात उंचावरून उडी मारलीस तर भिंतीवरच्या दारातून त्याच वेगाने आडवा फेकला जातोस. तू अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतोस, त्यामुळे तुझ्या लगेच लक्षात येईल की वेगाचं परिमाण राहतं पण दिशा बदलते, म्हणजे संवेगाचा नियम तिथे मोडतो. मला या गेमबद्दल खरं प्रेम आहे ते त्याच्या शिकवण्यामुळे. प्रत्येक खोली एकच नवी गोष्ट दाखवते, ती तुला करून बघायला लावते, आणि पुढच्या खोलीत ती तुला येतेय असं धरून चालते. लांबलचक सूचना नाहीत, पाठांतर नाही. वर्गात आपल्याला जे करायचं असतं आणि पोर्शनच्या धबडग्यात जमत नाही, ते इथे कुणीतरी फार निगुतीने केलंय. शिक्षकाने हा गेम खेळायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

पोर्टल खेळताना दोन्ही हात कामाला लागतात, ते आधी सांगून ठेवतो. डावा हात कीबोर्डवर डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळांवर, चालण्यासाठी. उजवा माऊसवर, बघण्यासाठी. पहिले दोन-तीन दिवस भिंतींवर आपटशील, छताकडे बघत राहशील. सगळ्यांचं होतं. माऊसची सेन्सिटिव्हिटी कमी कर. काही जणांना अशा गेममध्ये घाटातल्या एसटीसारखं मळमळतं. तसं वाटलं तर रेटून खेळू नकोस, लगेच उठ. सुरुवातीला वीस मिनिटं पुरेत.

तिसरा वहिनींसाठीही आहे: स्टारड्यू व्हॅली, २०१६ चा. एरिक बॅरोन या एका माणसाने चार वर्षांहून जास्त काळ एकट्याने खपून केला: चित्रं त्याची, संगीत त्याचं, प्रोग्राम त्याचा. आजोबांचं पडीक शेत मिळतं, ते कसायचं, गुरं पाळायची, गावातल्या माणसांशी ओळखी वाढवायच्या. २८ दिवसांचा एक ऋतू. जागा अर्ध्या जीबीच्या आसपास लागते, पण संध्याकाळच्या संध्याकाळी कशा जातात कळत नाही.

पुण्यात झालेला एक गेमही तुझ्या यादीत असू दे. राजी नावाचा. नॉडिंग हेड्स गेम्स या इथल्या छोट्या कंपनीने केला, २०२० मध्ये आला. असुरांनी पळवलेल्या भावाला, गोलूला, शोधायला निघालेली एक डोंबारखेळ करणारी मुलगी, आणि तिच्या पाठीशी दुर्गा आणि विष्णू. राजस्थानी महालांसारखी दालनं, भित्तिचित्रं. आपल्या गोष्टी आपल्याच गावात इतक्या देखण्या घडू शकतात हे बघून मला फार बरं वाटलं होतं. तो थ्री-डी आहे आणि जरा जड आहे, म्हणून कार्ड आलंच तर पहिला तो.

एखादा गेम अडखळला तर काय करायचं? मशीनला नावं ठेवायच्या आधी सेटिंग्ज उघड. तुझा मॉनिटर १९२० बाय १०८० चा, म्हणजे एका चौकटीत २० लाखांहून जास्त ठिपके. ते १२८० बाय ७२० केलंस तर साधारण ९ लाख २० हजार उरतात. चिपचं काम निम्म्याहून कमी. रिझोल्यूशन स्केल असा वेगळा पर्याय असेल तर तोच कमी कर, म्हणजे अक्षरं स्पष्ट राहतात आणि फक्त चित्र थोडं मऊ होतं. मग सावल्या कमी कर, शक्य असेल तर बंदच. सावल्यांइतकं ओझं क्वचितच कशाचं असतं, आणि खेळण्याच्या भरात त्या गेल्याचं ध्यानातही येत नाही.

एवढं करूनही सेकंदाला ६० चौकटी येत नसतील तर गेम ३० वर बांधून टाक. हे ऐकायला विचित्र वाटेल. पण तुझा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. गेम ३० देत असेल तर प्रत्येक चौकट बरोबर दोनदा दिसते आणि डोळ्याला लय सापडते. ४५ देत असेल तर काही चौकटी एकदा, काही दोनदा, आणि आकडा मोठा असूनही चित्र धक्के खात जातं.

कॅबिनेट टेबलाच्या कपाटात कोंबलेलं आहे, ते बाहेर काढ. सांगलीचा उन्हाळा आणि बंद कपाट, दोन्ही एकदम नको; गरम झालं की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो आणि आपल्याला वाटतं गेमच बिघडला. झाकण उघडून ब्लोअरने धूळ उडवून घे, पंखा बोटाने धरून ठेव म्हणजे तो गरगरा फिरणार नाही. यूपीएसची बॅटरी तपासून घे. सेव्ह होत असताना वीज गेली तर कधी कधी फाइल खराब होते आणि महिनाभराचं शेत जातं.

क्रम असा ठेव. ओपनटीटीडी आजच रात्री उतरवून घे, त्याला काहीच लागत नाही. रॅमची पट्टी या रविवारी. पोर्टल त्यानंतर. बाकीचं तुझं तुलाच सुचत जाईल, आणि न सुचलं तर मी आहेच.

वहिनींना नमस्कार सांग. पट्टी घ्यायला गेलास की दुकानातूनच फोन कर. डीडीआर४, ८ जीबी, २६६६, आणि डेस्कटॉपची. लॅपटॉपची आखूड असते, ती बसणार नाही. भाव हल्ली चढ-उतार करतात, दोन ठिकाणी विचारून घे.

तुझा,
विनय