गिअर काढून टाकले त्याची गोष्ट

प्रिय सत्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, "लोक गिअर लावून घेतात आणि तू काढतोस व्हय" 😄 हसून मेलो. मी सायकलचे गिअर काढून ती फिक्स केली, म्हणजे चाक फिरतं तोवर पायडलपण फिरतच राहतं. आता सविस्तरच लिहितो, कारण काकांची ती माळ्यावरची जुनी गिअरवाली सायकल तुझ्या डोक्यात घुसलेली दिसतेय.

इथं लंडनला एका रविवारच्या जुन्या बाजारात ४० पौंडाला राले कंपनीची जुनी सायकल मिळाली, स्टीलची, पुढं दोन चक्र्या मागं पाच, गंजलेली पण फ्रेम सरळ. मी आधी बघितली ती मागचं चाक बसतं ती खाच. ती आडवी पाहिजे भावा, कारण डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) काढला की चेन ताणून धरणारं काही उरतच नाही, चाकच मागं ओढून चेन टाईट करायची, खाच उभी असली की विषय संपला. आणि पाच चक्रीवाल्या या फ्रेममध्ये हबला (चाकाच्या मधल्या भागाला) जागा १२० मिलिमीटर, ट्रॅक हब म्हणजे फिक्स सायकलचा खास हबपण तेवढाच, म्हणजे फ्रेम फाकवायची भानगड नाही.

आता माझा शहाणपणा ऐक. जुन्या हबवरचे फ्रीव्हीलचे (पाय थांबवला तरी चाक फिरू देणाऱ्या चक्रीचे) आटे आणि फिक्स कॉगचे (चाकाबरोबरच फिरणाऱ्या चक्रीचे) आटे सारखेच असतात, मग नवीन चाक कशाला, असं म्हणून मी फ्रीव्हील काढलं, कॉग फिरवून बसवला, वरून बॉटम ब्रॅकेटची (पायडलच्या मधल्या बेअरिंगची) रिंग आवळली आणि ५५ पौंड वाचवले म्हणून खूश. चौथ्या दिवशी उतारावर सिग्नल लागला, पाय उलटा दाबला आणि कॉग सुटून पाय नुसतेच मागं फिरले!! पुढचा ब्रेक ठेवला होता म्हणून वाचलो (इथं कायद्यानं तो लागतोच, फिक्स चाक मागचा ब्रेक धरतात). ट्रॅक हबला कॉगवरच्या रिंगचे आटे उलटे असतात, त्यामुळं कॉग सुटायला लागला की रिंग उलट आणखी आवळते. तेवढ्यासाठीच ट्रॅक हबवाल्या नवीन चाकाचे ते ५५ पौंड. गुपचूप दिले.

नवीन चाक ७००सी मापाचं, जुनं २७ इंची, नाव ऐकून वाटतं मोठा फरक असेल पण ब्रेकचे रबर फक्त ४ मिलिमीटर खाली घ्यावे लागले. पुढची ५२ दात्यांची मोठी चक्री काढली, ४२ ची ठेवली, बोल्ट मात्र आखूड आणावे लागले. मागं १७ दात्यांचा कॉग घेतला, १६ चा नाही. गंमत बघ, कायम एकच पाय पुढं ठेवून चाक लॉक करून घसरवत थांबवलं तर ४२-१६ ला टायर आठच जागी घासतो, ४२-१७ ला सतरा जागी, टायर जास्त टिकतो. कॉग, रिंग, चेन, बोल्ट मिळून ३३, म्हणजे सायकल धरून एकूण १२८ पौंड. पेंट केला नाही, गंज घासून तेल मारलं बस.

चालवायला कशी म्हणशील तर पहिले दोन दिवस शिवी यायची. पाय थांबवायची सवय जात नाही, थांबवला की सायकल मागून ढकलून देते, लहानपणी कैची मारताना पडायचो तसंच. वळताना आतल्या बाजूचं पायडल रस्त्याला लागतं ते वेगळंच. आणि उताराला ४० च्या स्पीडला पाय मिनिटाला सव्वाशेच्या वर फिरतात, त्यामुळं पन्हाळ्यावरून उतरायचा विचारसुद्धा करू नकोस, रंकाळ्याच्या कडेनं फिरव निवांत.

काकांना विचारून ती खाली काढ आधी. मागच्या खाचेचा जवळून फोटो पाठव, दोन्ही बाजूंनी, आणि चेन काढू नकोस तोवर.

तुझा,
पश्या