सूचना : त्वचेबरोबर मनाचीही तपासणी

ठाणे-नवी मुंबईतील सोरायसिस, एक्झिमा या त्वचेच्या आजारांच्या रुग्णगटातील सभासदांनी पुढच्या तपासणीआधी दोन प्रश्नांची उत्तरं लिहून न्यावीत. गेल्या 2 आठवड्यांत मन किती दिवस उदास होतं? किती दिवस कशातच रस वाटला नाही? प्रत्येकी 0 (अजिबात नाही) ते 3 (जवळजवळ रोज) गुण. बेरीज 3 किंवा जास्त आली, तर चट्टे थोडेच असले तरी डॉक्टरांना सांगाच. खाजवून चादरीवर रक्ताचे ठिपके पडतात, त्या रात्रींची झोपमोडही सांगा. मन बऱ्याचदा तिथूनच खचतं. अप्रेमिलास्ट (सोरायसिसवरचं औषध) किंवा स्टिरॉइडच्या गोळ्यांनंतर स्वभाव बदलला तर लगेच कळवा. स्टिरॉइड मात्र आपल्या मनाने बंद करू नका, आजार उसळतो. जीव नकोसा वाटला तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. टेलि-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) : 14416, मोफत, 24 तास, मराठीतही.