लांगेमार्कहून आल्यावर

प्रिय सुध्या,

तब्येत ठीक, बीपीच्या गोळ्या चालू. हे सगळं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं म्हणून लिहितोय.

रविवारी लांगेमार्कला गेलो होतो, ईपरजवळ. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन सैनिकांचं कब्रस्तान, आणि तेही बेल्जियमच्या मातीत, ज्यांनी ईपर शहर बेचिराख केलं त्यांचं! ओकची झाडं, जमिनीलगत सपाट दगड, एकेका दगडावर कित्येक नावं. आत शिरलं की समोरच एक चौकोन, त्यात 25 हजारांच्या आसपास माणसं एकत्र पुरलेली. तिथे प्रतापगडची आठवण झाली रे. अफझलखानाच्या कबरीवरून आपण वाईपर्यंत भांडत आलो, भिक्या तर एसटीतून उतरायलाच निघाला होता. मेल्यावर वैर कसलं, असं तू म्हणालास. मी तेव्हाही तुझ्याच बाजूने होतो आणि आजही आहे, पण आता एक वेगळीच भीती वाटते बघ.

ते युद्ध संपल्यावर जर्मनीशी झालेल्या व्हर्सायच्या तहात 225 वं कलम आहे, आपापल्या हद्दीतली सैनिकांची थडगी दोन्ही बाजूंनी आदराने सांभाळायची. जर्मनीत 1919 ला याच कामासाठी फोल्क्सबुंड नावाची संस्था निघाली, आणि 10 जुलै 1932 ला लांगेमार्कचं उद्घाटन झालं. इथवर छानच. पण तिकडे जर्मनीत याच गावाच्या नावाने 1914 पासून एक कहाणी चालू होती, की कोवळी पोरं देशाचं गाणं म्हणत शत्रूवर चालून गेली, सगळी म्हणे कॉलेजची. पोरं मेली हे खरं, पण त्यात विद्यार्थी थोडेच होते. 1934 ला नाझींनी युद्धात मेलेल्यांसाठीच्या शोकदिवसाचा वीरदिन केला, आणि जून 1940 मध्ये बेल्जियम जिंकून हिटलर स्वतः इथे येऊन गेला. परक्यांनी जागा दिली, आणि घरच्यांनी त्याच मेलेल्यांच्या नावावर पुढची पोरं मरायला पाठवली, याचा मला फार संताप येतो.

आणि बर्लिनजवळ त्सेरेनस्डॉर्फला त्याच पहिल्या युद्धात जर्मनांच्या कैदेत मेलेले 206 हिंदी सैनिक आहेत, तिथे शत्रू म्हणजे आपली माणसं. दुसऱ्या युद्धानंतर ती जागा रशियन फौजेच्या सरावाच्या भागात गेली आणि थडग्यांची पार वाट लागली, ती 2005 ला पुन्हा नीट केली. म्हणजे निगा राखायलाच हवी, यात वाद नाही. पण तिथे उभं राहून भाषण कोण करणार, यावर कुठल्या तहात कलम घालायचं? तू शाळेत इतिहास शिकवतोस, पोरांना हे कसं सांगशील ते मला नीट कळव.

काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? मीनाला बदलीचं अभिनंदन. दिवाळीत येतोय. लगेच लिही, व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता अंगठा पाठवू नकोस.

तुझा,
अव्या