पालकमंत्री महोदय, माझ्या पीक कर्जाचा निर्णय माझ्या शाखेत का होत नाही?

मा. पालकमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मे महिन्यात नियोजन भवनात झालेल्या खरीप आढावा बैठकीत आपण बँकांच्या अधिकाऱ्यांना सर्वांसमक्ष बजावले होते की पीक कर्जासाठी कोणत्याही शेतकऱ्याकडे सिबिल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीवरून ठरणारा पतीचा आकडा, मागू नका, मृगाच्या आधी रक्कम खात्यात जमा झाली पाहिजे, आणि जी शाखा ऐकणार नाही तिच्या व्यवस्थापकावर गुन्हा दाखल होईल. दुसऱ्या दिवशी हे सगळ्या वर्तमानपत्रांत ठळक छापून आले. आता मृग सरून आर्द्रा लागल्या आहेत. माझा अर्ज नाकारला गेला आहे, तो सिबिलच्याच कारणाने नाकारला गेला आहे, आणि ते कारण मला तोंडी सांगण्यात आले, कारण कागदावर लिहून द्यायला शाखेत कोणीही तयार नाही.

बँकेचे आणि गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिले की एखाद्या कर्मचाऱ्याची चौकशी लागते, त्याची बातमी होते आणि प्रकरण तिथेच मिटते. विदर्भातल्या अकराही जिल्ह्यांत जे चालते ते एका कर्मचाऱ्याच्या चौकशीने थांबणारे नाही.

मी सहा एकर कोरडवाहू शेती करतो. मार्चअखेर मी पीक कर्जाची सगळी रक्कम, म्हणजे १ लाख ४० हजार रुपये मुद्दल आणि त्यावरचे व्याज, एकरकमी भरली. निम्मे पैसे हमीभावाच्या खाली सोयाबीन विकून आले होते. उरलेले मी गावातल्याच एका सावकाराकडून शेकडा तीन रुपये महिना या दराने उचलले. आमच्याकडे याला कर्जाचे नवे-जुने करणे म्हणतात. थोड्या दिवसांसाठी सावकाराचा पैसा घ्यायचा, बँकेचे खाते नील करायचे, बँकेने नवे कर्ज दिले की सावकाराला मोकळे करायचे. अर्धा गाव दर वर्षी असेच करतो. ज्या शाखा व्यवस्थापकांनी मला पैसे भरायला सांगितले आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात नवे कर्ज देण्याचा शब्द दिला, त्यांची एप्रिलमध्येच बदली झाली. तो शब्द त्यांनी खोटा दिला होता असे मी मानत नाही; तो पाळण्यासाठी ते त्या खुर्चीवर राहिले नाहीत, एवढेच घडले.

ते व्यवस्थापक माझ्या वावरात आलेले होते. नाल्याकाठचा दीड एकराचा तुकडा जास्त पावसात चिबडतो म्हणून तिथे मी तूर घेत नाही, विहिरीला मार्चपर्यंत पाणी पुरते म्हणून दोन एकरांवर हरभरा हमखास होतो, एका वर्षी हप्ता उशिरा गेला तो वडिलांना सेवाग्रामच्या दवाखान्यात ठेवले होते म्हणून गेला, हे सगळे त्यांना ठाऊक होते. नव्या व्यवस्थापकांनी माझा सातबारा आणि आठ-अ घेतला, आधार क्रमांक टाकला, संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि लाल रंगातला एक आकडा दाखवला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आता मंजुरी शाखेत होत नाही, फाईल जिल्ह्याच्या केंद्रावर जाते, तिथून ती परत आलेली आहे आणि याहून अधिक त्यांच्या हातात काही नाही. तो आकडा खाली का गेला तेही मी विचारले. सन २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत माझे थकीत कर्ज शासनाने भरले होते आणि माझ्या खात्याची नोंद पूर्ण परतफेड अशी न होता तडजोड, म्हणजे पूर्ण न फेडता मिटवलेले कर्ज, अशी झाली होती. म्हणजे शासनाने ज्या योजनेला कर्जमुक्ती हे नाव दिले, तिचाच डाग माझ्या नावावर पडलेला आहे, आणि त्या डागाकडे पाहू नका हे आपण मे महिन्यात दिलेले आश्वासन माझ्या शाखेपर्यंत पोहोचलेले नाही.

महोदय, मी एम.कॉम. आहे. बँकांच्या व्यवस्थापनावर पीएच.डी. करण्याची माझी तयारी झाली होती, पण वडील गेले आणि शेती माझ्याकडे आली. वाचन मात्र मी सोडलेले नाही, म्हणून माझे दुःख सांगण्याबरोबरच या विषयावर जगात काय सिद्ध झाले आहे तेही मी आपल्यासमोर ठेवणार आहे.

चिली देशातल्या एका मोठ्या सरकारी बँकेवर ड्रेक्सलर आणि शोअर या दोन संशोधकांनी केलेले काम २०१४ मध्ये व्यवस्थापनशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाले. छोट्या कर्जदाराची फाईल सांभाळणारा अधिकारी रजेवर गेला, आजारी पडला किंवा नोकरी सोडून गेला, तर त्या कर्जदाराचे काय होते, हा त्यांचा प्रश्न होता. अधिकारी अचानक गेला की कर्जदाराला नवे कर्ज मिळण्याची शक्यता घटते, त्याचे हप्ते चुकू लागतात आणि तो दुसऱ्या बँकेचे दार ठोठावतो, असे त्यांना आढळले. जिथे जाणे आधीपासून ठरलेले होते आणि आपल्या हाताखालची माहिती पुढच्या माणसाला देण्याइतका वेळ व इच्छा अधिकाऱ्याजवळ होती, तिथे हे नुकसान झाले नाही. चिलीच्या त्या कर्जदारांचे जे झाले तेच माझे झाले. फरक एवढाच की तिथे आजारपण अचानक येत होते, आणि आपल्याकडे बदली अचानक येत नाही. ठरावीक वर्षांनी ती होणार हे बँकेला आधीच माहीत असते. तरीही जाणारा व्यवस्थापक येणाऱ्याला तिजोरीच्या किल्ल्या मोजून देतो, रोख मोजून देतो, सोने तारणाच्या पुड्या मोजून देतो, आणि शेतकऱ्यांविषयी त्याला जे ठाऊक असते ते कोणी विचारतही नाही.

बदल्याच करू नका असे मी म्हणणार नाही. अर्जेंटिनातल्या एका बँकेच्या अभ्यासात असेही दिसले आहे की बदली जवळ आली की अधिकारी बुडत्या कर्जाची खरी माहिती वर कळवू लागतो, कारण ती त्याने दडवली तर मागून येणारा उघड करील ही त्याला धास्ती असते. गैरव्यवहार रोखायला बदली हवीच. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतला रोखे घोटाळा २००२ मध्ये उघडकीस आला आणि न्यायालयाचा निकाल डिसेंबर २०२३ मध्ये लागला. नजर नसली की ठेवीदाराचे आणि शेतकऱ्याचे काय होते, हे विदर्भाने दोन दशके पाहिले आहे. बदली करा, पण ज्ञान मागे ठेवून माणूस पुढे पाठवा, एवढीच माझी मागणी आहे.

निर्णय शाखेतून उचलून दूरच्या केंद्रात नेण्याबद्दलही संशोधन गप्प नाही. अतिफ मियाँ यांनी पाकिस्तानातल्या सुमारे ८० हजार कर्जांचा अभ्यास २००६ मध्ये मांडला. परदेशी बँकेचे मुख्यालय शाखेपासून जितके दूर, तितकी ती बँक ज्याची पत कागदावर मावत नाही अशा धडधाकट धंद्याला कर्ज देणे टाळते, असे त्यांना दिसले. अर्जेंटिनातल्याच आणखी एका अभ्यासात फाईल जितक्या पायऱ्या वर चढते तितके माणसाबद्दलच्या अनुभवाचे वजन कमी होते आणि आकड्याचे वाढते, असे निघाले. माझा नाल्याकाठचा चिबड तुकडा आणि विहिरीचे पाणी जिल्ह्याच्या केंद्रातल्या संगणकात कोणत्या रकान्यात भरायचे, हे मला कोणी सांगावे.

आणि याच काळात आपण अंतर वाढवत आहोत. नागपूरला मुख्यालय असलेली विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आणि मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला गेले. माझे खाते त्या बँकेत नाही, तिच्याविरुद्ध माझी तक्रारही नाही. एक राज्य एक ग्रामीण बँक या धोरणाने देशातल्या ४३ ग्रामीण बँकांच्या २८ झाल्या. खर्च वाचेल, भांडवल वाढेल, हे हिशेब मांडले गेले असतील. परंतु १९७५ मध्ये वटहुकूम काढून ज्या बँका काढल्या, त्यांचा हेतूच स्थानिक माणसाला ओळखणारी, लहान मुलखाची बँक असावी हा होता. ओळखीची किंमत या विलीनीकरणाच्या हिशेबात कुठे धरली आहे काय?

बँक माणसाजवळ नेण्याचे काम हा देश एकदा करून बसला आहे, हीच खरी वेदना आहे. सन १९७७ पासून १९९० पर्यंत रिझर्व्ह बँकेचा नियम होता की आधीच बँक असलेल्या ठिकाणी एक शाखा उघडायची असेल, तर बँक नसलेल्या ठिकाणी चार उघडाव्या लागतील. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे यांनी २००५ मध्ये आकडेवारीनिशी दाखवले की या शाखाविस्ताराने ग्रामीण दारिद्र्य कमी केले. थकबाकीही त्या काळात वाढली, तेही त्यांनी लपवलेले नाही. आपण थकबाकीचा धडा तेवढा पाठ केला आणि दारिद्र्याचा विसरलो. सन १९५४ च्या ग्रामीण पत पाहणीच्या अहवालात शेतकऱ्याच्या कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के निघाला होता आणि बाकीचा मुख्यतः सावकाराचा होता. सत्तर वर्षांनंतर माझ्या गावात बँकेचे कर्ज चालू ठेवण्यासाठी सावकाराकडे जावे लागते, आणि बँकेच्या वाटपाच्या अहवालात या सावकाराचा कुठेही उल्लेख नसतो. नवे-जुने झालेले प्रत्येक खाते तिथे वसुली म्हणूनही मोजले जाते आणि नवे वाटप म्हणूनही. लक्ष्यपूर्तीचे जे टक्के आपल्या बैठकीत वाचले जातात त्यांत माझ्या सावकाराचे पैसे आहेत, महोदय.

गुन्हा दाखल करण्याच्या इशाऱ्याबद्दलही स्पष्टच लिहितो. बॅनर्जी, कोल आणि डफ्लो यांनी आपल्याच देशातल्या सरकारी बँका अभ्यासल्या आहेत. त्यांतल्या बॅनर्जी आणि डफ्लो यांना पुढे २०१९ चे नोबेल मिळाले. बँकेतल्या कोणावर दक्षता विभागाची चौकशी लागली की त्या बँकेचे कर्जवाटप आटते, आणि बहुतेक अधिकारी गेल्या वर्षीची मर्यादा यंदा जशीच्या तशी पुढे ढकलून मोकळे होतात, असे त्यांच्या कामातून दिसते. दिलेले कर्ज बुडाले तर अधिकाऱ्याची चौकशी होते, आणि न दिल्यामुळे शेतकरी बुडाला तर कोणाचीच होत नाही. घाबरलेल्या माणसाला आणखी एक भीती घालून आपण त्याच्याकडून धाडसाची अपेक्षा करता. त्याचा परिणाम मी भोगतो आहे: व्यवस्थापक आता नकार लेखी देत नाहीत, अर्ज घेतल्याची पोच देत नाहीत, कारण कागद मागे राहिला तर तो त्यांच्याच अंगावर येईल.

वास्तविक रिझर्व्ह बँकेच्या २००३ च्या निष्पक्ष व्यवहार संहितेनुसार अर्जाची पोच देणे आणि दोन लाखांपर्यंतच्या छोट्या कर्जदाराला नकाराचे मुख्य कारण लेखी कळवणे बँकेवर बंधनकारक आहे. २००७ मध्ये हे सर्व कर्जांना लागू झाले. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारणही लागत नाही. माझा अर्ज या दोन्ही मर्यादांच्या आत आहे. त्याच शाखेत मला सांगण्यात आले की घरात सोने असेल तर आणा, अर्ध्या तासात कर्ज करून देतो. आईने गळ्यातली एकदाणी काढून माझ्यासमोर ठेवली. मी ती परत घालायला लावली, आणि बियाणे कृषी केंद्रातून उधारीवर आणले, दुकानदाराने दिले ते वाण आणि त्याने लावला तो भाव. सावकाराचे व्याज वर्षाला ३६ टक्क्यांच्या हिशेबाने चढते आहे, ते त्याच राज्यात, जिथे डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाच्या योजनेत वेळेवर परतफेड करणाऱ्याला तीन लाखांपर्यंत शून्य टक्के व्याज पडते. मी वेळेवर परतफेड केली होती. पंजाबराव आमच्या वऱ्हाडाचे होते. त्यांचे नाव घेताना एवढा तरी विचार व्हावा.

उद्या पुन्हा कर्जमाफीची घोषणा होईल. शॉन कोल यांनी २००९ मध्ये दाखवले की निवडणुकीच्या वर्षी सरकारी बँकांची शेतीकर्जे पाच ते दहा टक्के बिंदूंनी वाढतात आणि त्यामुळे शेतीचे उत्पादन वाढल्याचे दिसत नाही. सन २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत पाच एकरांपर्यंतच्या जमिनीच्या अटीने विदर्भातले कोरडवाहू शेतकरी मोठ्या संख्येने पूर्ण माफीच्या बाहेर राहिले. कॅगने तपासलेल्या खात्यांपैकी सुमारे २२ टक्के खात्यांत चुका निघाल्या. आणि जिने व कांझ यांच्या अभ्यासाप्रमाणे ज्या जिल्ह्यांत माफी जास्त झाली, तिथून बँकांनी पुढचे नवे कर्ज इतरत्र वळवले. माफीचे श्रेय मुंबईत घेतले जाते आणि तिची वसुली आमच्याकडून अशी होते. मला माफी नको आहे, महोदय. मला वेळेवर कर्ज हवे आहे, आणि मी ते फेडतो हे मी फेडून दाखवलेले आहे.

म्हणून माझ्या मागण्या लिहितो. दोन लाखांपर्यंतच्या पीक कर्जाचा निर्णय शाखा व्यवस्थापकाच्या हाती परत द्यावा आणि त्याने प्रामाणिकपणे दिलेले कर्ज दुष्काळात बुडाले तर त्याला चौकशीपासून लेखी संरक्षण मिळावे, यासाठी आपण राज्यस्तरीय बँकर्स समितीत आग्रह धरावा. मार्च ते जून या काळात शेतीकर्ज पाहणाऱ्या व्यवस्थापकाची बदली करू नये. इतर वेळी करताना जाणाऱ्या आणि येणाऱ्याने किमान आठ दिवस एकत्र काम करून गावनिहाय कर्जदारांची टिपणे एकमेकांच्या सहीने द्यावीत-घ्यावीत. कर्जमाफीतून भरली गेलेली खाती तडजोडीची म्हणून कळवली गेली असतील, तर शासनाने स्वतः पत्रव्यवहार करून ती नोंद दुरुस्त करून घ्यावी, कारण ती रक्कम शासनाने भरली होती आणि तडजोड मी केली नव्हती.

आणि जिल्हास्तरीय सल्लागार समितीच्या पुढच्या बैठकीत वाटपाच्या टक्क्यांसोबत प्रत्येक शाखेने किती अर्ज घेतले, कितींना पोच दिली, किती नाकारले आणि कितींना लेखी कारण दिले, हे चार आकडे मागावेत. ते जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर मराठीत लावावेत. यासाठी कोणताही नवा कायदा लागत नाही. खरीप हातचा गेलाच आहे. रब्बीचे कर्जवाटप सुरू होण्याआधी हे व्हावे आणि माझ्या अर्जाचे लेखी उत्तर मला मिळावे.

आपला,
आपल्याच जिल्ह्यातील एक कोरडवाहू शेतकरी