अलेक्झांडर क्रीकच्या पथकप्रमुखांस कृतज्ञतापूर्वक

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

पाइक मासे पकडण्याच्या कामाचा हंगाम संपताना आपले आभार इंग्रजीत मानलेच होते. परंतु आपले काम माझ्या गावच्या लोकांना आणि रत्नागिरीला माझ्याबरोबर मत्स्यशास्त्र शिकलेल्या मित्रांनाही कळावे, म्हणून हे पत्र मराठीतून आणि सर्वांसमोर लिहीत आहे.

अमेरिकेच्या अलास्का राज्यात, अँकरेज शहराच्या पश्चिमेला सुसित्ना नदीला मिळणारी अलेक्झांडर क्रीक ही छोटी नदी एके काळी किंग सॅमन या मोठ्या सॅमन माशासाठी नावाजलेली होती. तेथे रस्ता जात नाही. छोट्या विमानाने किंवा होडीनेच पोहोचावे लागते. २००८ मध्ये तेथील किंग सॅमनची मासेमारी बंद करावी लागली, आणि त्याचे प्रमुख कारण होते नॉर्दर्न पाइक हा शिकारी मासा. अलास्का पर्वतरांगेच्या उत्तरेला व पश्चिमेला हा मासा मूळचाच आहे, पण सुसित्नाच्या खोऱ्यात तो १९५० च्या दशकात माणसांनी परवानगीवाचून आणून सोडला आणि तेथून पसरत गेला. राज्याच्या मत्स्य विभागाने २०११ पासून दर वसंतात तेथे पाइक पकडण्याचे काम चालवले आहे.

जो मासा पलीकडच्या खोऱ्यांत सॅमनसोबत नांदतो, तोच येथे इतका घातक का ठरावा, हा माझा प्रश्न आपण टाळला नाहीत. दिवसभराच्या श्रमानंतरही आपण नकाशा उघडून दाखवलेत की ही नदी उथळ, संथ, नागमोडी आणि पाणवनस्पतींनी भरलेली आहे, म्हणजे जवळजवळ सगळीच पाइकला हवी तशी आहे, आणि समुद्राकडे निघण्यापूर्वी साधारण वर्षभर गोड्या पाण्यात वाढणाऱ्या किंग सॅमनच्या बोटुकलीला, म्हणजे बोटभर पिल्लांना, लपायला जागाच उरत नाही. पाइकला खलनायक ठरवू नका, तो जेथे नको तेथे नेला गेला एवढेच, हे आपले म्हणणे मला फार मोलाचे वाटते, कारण रोज मासे मारण्याचे काम करणाऱ्याच्या मनात तो विवेक जागा राहणे सोपे नसते.

बर्फ वितळताच, मे महिन्यात, पाइक अंडी घालण्यासाठी बाजूच्या साचलेल्या फाट्यांत येतात आणि प्रौढ किंग सॅमन अजून समुद्रातून वर चढलेले नसतात. गिलनेट, म्हणजे कल्ल्यांत अडकवून मासे धरणारे जाळे, लावण्याची वेळ ती हीच. थंडगार पाण्यात बधिर झालेल्या बोटांनी जाळ्याच्या छिद्रातून दातेरी तोंडाचा मासा कसा सोडवावा, हे आपण न रागावता शिकवलेत. प्रत्येक पाइकची लांबी मोजायची, नर की मादी ते नोंदवायचे आणि पोट उघडून आत काय आहे ते पाहायचे, यात आपण कधी सवलत दिली नाहीत. पोटातून सॅमनची पिल्ले निघाली की आपण त्यांची मोजणी मला स्वतः करायला लावत असा, आणि त्या मोजणीतूनच मला या कामाची निकड समजली.

केनाई द्वीपकल्पात रोटेनोन हे मासे मारणारे रसायन वापरून पाइकचे उच्चाटन करता आले. परंतु मोठ्या खोऱ्याला जोडलेल्या या वाहत्या नदीत तसे करता येत नाही, म्हणून दर वर्षी पुन्हा जाळी टाकावी लागतात. कधीही पूर्ण न होणारे काम इतक्या निष्ठेने करणारी माणसे मी आपल्या पथकात पाहिली. आमच्याकडे उजनी धरणातही चिलापी (तिलापिया) ही बाहेरून आलेली मासळी सर्वत्र झाली आहे. आपण दिलेला पोटतपासणीच्या नोंदींचा तक्ता मराठीत करून, आपल्या परवानगीने, तेथील जलाशयांवर काम करू इच्छिणाऱ्या मित्रांना देण्याचा माझा विचार आहे. परवानगी कळवावी, ही विनंती.

आपल्या पथकातील सर्वांना, विशेषतः होडी चालवणाऱ्या काकांना, माझे नमस्कार सांगावेत.

आपला कृतज्ञ,
पथकातील एक हंगामी मदतनीस